तक्त्यात नसलेला सामना



न्हावा-शेवा हे जोडनाव आज साऱ्या जगाच्या व्यापारी कागदांवर छापले जाते. हे एक गाव नव्हे, हे आपणांस सांगावयास नको. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. २६ मे १९८९ रोजी येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या दोन गावांची नावे बंदराच्या नावात अशी मिसळली की नाव देशोदेशी गेले आणि गावे मागे राहिली. मूळच्या शेवा गावाला तर आपली जागाच सोडावी लागली. ज्यांच्यामुळे नाव झाले तेच नोंदीतून गळावयाचे, ही इतिहासाची जुनी खोड आहे. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता बंदराचा नाही. परंतु खोड तीच आहे.

न्हाव्याच्या किनाऱ्यावरून पनवेलच्या खाडीपलीकडे उत्तरेस पाहिले, तर त्या बाजूला नेरूळ आहे. तेथील डी. वाय. पाटील क्रीडांगण २००८ साली खुले झाले. त्या मैदानावर, तसेच अंधेरी आणि पुण्याजवळील बालेवाडी येथे, २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या अठरा दिवसांत आशियातील स्त्रियांच्या फुटबॉलची चषकस्पर्धा भरली. बारा देशांचे संघ आले होते. त्या हंगामाचा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे, आणि विशेषेकरून त्यातील एका सामन्याचा. तो सामना झाला. नव्वद मिनिटे पुरी खेळली गेली. तथापि स्पर्धेच्या अधिकृत गुणतक्त्यात तो नाही.

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर चेंडूचा खेळ कशाला, असे कोणी विचारील. पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली झाला. त्या काळी मुलींनी शाळेत जावे की नाही, हाच मोठा वाद होता. मुलींनी अर्धी विजार घालून मैदानात उतरावे, ही गोष्ट वादाच्याही पलीकडची होती. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७५ साली, भारतात स्त्रियांच्या फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी हाँगकाँगला आशियाई स्त्रियांची पहिली स्पर्धा भरली. शाळेच्या दारापासून मैदानाच्या दारापर्यंत यावयास एक शतक लागले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रथम एक शब्द नीट समजून घेऊ. चषकस्पर्धांत दोन पद्धती असतात. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ गटातील इतर सर्वांशी खेळतो. एक सामना हरला तरी पुढच्या सामन्यात भरपाई करता येते. बाद पद्धतीत हरला तो घरी गेला. हा 'बाद' शब्द आपल्याकडे केवळ मैदानावरचा नाही. हिशेबातून रक्कम बाद होते, चलनातून नाणे बाद होते, खो-खोत गडी बाद होतो. तिन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी न्याय एक नाही. गडी बाद होतो तो प्रतिपक्षाच्या चपळाईने. नाणे बाद होते ते सरकारी फर्मानाने. त्यात नाण्याचा दोष नसतो. आणि जी रक्कम वहीत कधी मांडलीच नाही, तिला तर बाद होण्याचाही मान मिळत नाही. स्त्रियांच्या फुटबॉलच्या इतिहासात हे तिन्ही प्रकार घडले आहेत, आणि त्यांतील पहिला सर्वांत सुसह्य आहे.

ही गोष्ट इंग्लंडपासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात तेथील पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया कामाला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या चेंडू खेळू लागल्या. प्रेस्टन येथील 'डिक, कर' या कारखान्यातील मुलींचा संघ १९१७ साली उभा राहिला आणि धर्मादाय कामांसाठी सामने खेळून पैसा जमवू लागला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहावयास सुमारे ५३,००० लोक आले होते. पुढे वर्षही पुरे झाले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांस योग्य नाही. संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांस देऊ नयेत. धर्मादाय पैशाच्या हिशेबाबद्दलचा संशयही त्यास जोडला होता.

या ठरावातील मख्खी लक्षात घ्या. स्त्रियांनी खेळू नये असे त्याने म्हटले नाही. खेळावयाचे तर खुशाल खेळा, परंतु मैदान आमचे मिळणार नाही, एवढेच म्हटले. विहिरीवर बंदी घालून तहानेस मोकळीक द्यावी, तसा हा न्याय होता. त्या बायांनीही हार मानली नाही. त्यांनी आपली निराळी संघटना काढली आणि १९२२ साली स्वतःची बाद पद्धतीची चषकस्पर्धा घेतली. स्टोकच्या संघाने ती जिंकली. पण मैदाने नाहीत, पैसा नाही, वर्तमानपत्रांत जागा नाही. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. बंदी उठावयास जवळजवळ अर्धे शतक लोटावे लागले. १९७१ साली इंग्लंडातील स्त्रियांच्या नव्या चषकाचा पहिला अंतिम सामना झाला आणि साउथॅम्प्टनने तो ४-१ असा जिंकला. मधल्या पन्नास वर्षांत किती मुली चांगल्या खेळाडू झाल्या असत्या, याचा हिशेब कोठेच नाही, कारण ती रक्कम वहीत मांडलीच गेली नव्हती.

आपल्याकडे तसा ठराव करण्याची कोणास गरजही पडली नाही. सिमल्याला १८८८ साली ड्युरँड चषक सुरू झाला, मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला. गोऱ्या पलटणींच्या या स्पर्धांत हिंदी पुरुष हळूहळू शिरले आणि १९११ साली मोहन बागानने अनवाणी पायांनी गोऱ्या संघास हरविले, तेव्हा साऱ्या देशाची छाती फुगली. मुलींसाठी मात्र झिम्मा होता, फुगडी होती, मंगळागौरीची रात्र होती. या खेळांत दम कमी लागतो असे म्हणणाऱ्याने रात्रभर फुगडी घालून पाहावी. अंग होते, दम होता. उणीव होती ती अंगणाबाहेरच्या मैदानाची.

म्हणूनच १९७५ नंतरची प्रगती आम्हांस विलक्षण वाटते. अवघ्या पाच वर्षांत, १९८० च्या जानेवारीत, कालिकतला भरलेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. चिनी तैपेईने त्यांस २-० असे हरविले. १९८३ साली बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा उपविजेतेपद. त्याच वर्षी शांती मलिक हिला अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री फुटबॉलपटू. आशियात दोनदा दुसरे स्थान! आपल्या घरांतून हे किती जणांस ठाऊक आहे? पुढे मात्र गाडी रुळावरून घसरली. संघटनेचे हस्तांतर झाले, सामने तुटपुंजे झाले, चीन, जपान, कोरिया पुढे निघून गेले. २००३ नंतर तर आशियाई स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारताचा संघ दिसेनासा झाला.

या पार्श्वभूमीवर २०२२ चा हंगाम येतो. यजमान म्हणून भारतास प्रवेश होताच. स्वीडनचे टॉमस डेनर्बी हे प्रशिक्षक होते, मणिपूरची आशालता देवी कर्णधार होती. मुली मणिपूरच्या, तामिळनाडूच्या, ओडिशाच्या, झारखंडच्या, पंजाबच्या. तयारीसाठी त्यांस परदेशी नेले होते. ५ डिसेंबर १९२१ नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, म्हणजे २५ नोव्हेंबर २०२१ रोजी, ब्राझीलमधील मनाउस येथे ब्राझीलशी सामना झाला. भारत ६-१ असा हरला. पण तो एक गोल होशियारपूरकडच्या मनीषा कल्याण हिने केला होता. ब्राझीलच्या जाळ्यात चेंडू घालून आलेल्या या मुलींकडून पुष्कळ आशा होती. ही स्पर्धा म्हणजे २०२३ च्या जागतिक चषकाचे दारच होते. पहिल्या चार संघांस सरळ प्रवेश होता आणि उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले तरी पुढची वाट उघडी राहणार होती.

दुर्दैवाने तो महिना करोनाच्या तिसऱ्या लाटेचा होता. संघ हॉटेलांत कुंपणाआड ठेवले होते. मैदान ते खोली, खोली ते मैदान, आणि वरचेवर नाकातील नमुन्याची तपासणी. भरल्या प्रेक्षागाराचा गजर त्या दिवसांत नव्हता. अशा वातावरणात २० जानेवारीस नेरूळला भारत आणि इराण समोरासमोर आले.

इराणच्या संघाचा तो आशियाई चषकातील पहिलाच सामना. ज्या देशात स्त्रियांस पुरुषांचे सामने पाहावयास मैदानात जाण्यासाठीही झगडावे लागले, त्या देशाच्या मुली डोके झाकून, पुऱ्या बाह्यांच्या पोषाखात येथे उतरल्या होत्या. भारताने चढाया पुष्कळ केल्या. इराणची गोलरक्षिका झोहरे कुदाई भिंतीसारखी उभी राहिली. गोल कोणासच करता आला नाही. सामना बरोबरीत सुटला. भारताच्या दृष्टीने ही निराशा होती. इराणच्या दृष्टीने मात्र पहिल्याच पावलावर यजमानांच्या अंगणात मिळविलेला एक गुण होता.

२३ जानेवारीस त्याच मैदानावर चिनी तैपेईशी सामना ठरला होता. बेचाळीस वर्षांपूर्वी कालिकतला ज्यांनी भारतास हरविले, तोच हा प्रतिपक्ष. पण त्या दिवशी तपासणीत भारताच्या इतक्या मुली बाधित निघाल्या की उभे राहावयास संघच उरला नाही. साथीच्या काळासाठी केलेला नियम असा होता की किमान १३ खेळाडू हजर नसतील तर सामना होणार नाही आणि त्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असे समजले जाईल. सामना झाला नाही. भारताने 'माघार घेतली' असे जाहीर झाले. २६ जानेवारीस, प्रजासत्ताकदिनी, चीनशी ठरलेला तिसरा सामनाही अर्थातच झाला नाही.

इतकेच असते तर आम्ही त्यास दैवाचा फेरा म्हटले असते. परंतु माघार घेतलेल्या संघाचे आधीचे सामनेही रद्दबातल समजावेत, असा नियमाचा पुढचा भाग होता. त्यामुळे २० जानेवारीचा भारत-इराण सामना तक्त्यातून पुसला गेला. भारताचा गुण गेला, आणि इराणचाही गेला. इराणच्या मुलींस ना साथ बाधली होती, ना त्यांनी नियम मोडला होता. पुढे चीनने त्यांस ७-० आणि चिनी तैपेईने ५-० असे हरविले. म्हणजे त्यांच्या पहिल्या आशियाई हंगामाच्या गुणतक्त्यात दोन पराभव तेवढे उरले, आणि जी गोष्ट त्यांनी अभिमानाने नातवंडांस सांगावी तिच्यापुढे शून्य आले. त्या गटात तीनच संघ उरल्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना समान व्हावी म्हणून इतर गटांतील तळाच्या संघांविरुद्धचे निकालही त्या तुलनेपुरते वगळावे लागले. एक धागा ओढला की वीण कशी सुटत जाते, त्याचे हे उदाहरण होय.

नियम करणाऱ्यांवर आम्ही दोषारोप करीत नाही. अर्धवट संघ मैदानात ढकलणे धोक्याचे होते, आणि एखादा संघ मध्येच गेला तर उरलेल्यांची गणना कशी करावी, हा प्रश्न खराच आहे. तक्ता हा हिशेबासाठी असतो आणि हिशेबाला सोय लागते. पण इतिहास म्हणजे तक्ता नव्हे. तक्त्यास जे पुसावे लागते ते जपून ठेवणे हेच इतिहासाचे काम आहे. हरून बाद झालेल्याच्या नावापुढे निदान त्याचा पराभव तरी लिहिलेला असतो. भारताच्या त्या संघाच्या नावापुढे पराभवही नाही. त्या मुली न हरता बाद झाल्या.

बाकीचा हंगाम मात्र बाद पद्धतीचे सारे चढउतार दाखवून गेला. २१ जानेवारीस अंधेरीला ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर १८ गोल केले. एकट्या सॅम करने पाच. हा संघ चषक उचलणार असे सर्वांनी गृहीत धरले. ३० जानेवारीस उपान्त्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाच्या जी सो-युन हिने ८७ व्या मिनिटास लांबून एक गोल केला आणि ऑस्ट्रेलिया घरी गेला. साखळीतले अठरा गोल बाद फेरीत एका गोलाच्याही कामी येत नाहीत. त्याच दिवशी फिलिपाइन्सने चिनी तैपेईशी १-१ बरोबरी करून पेनल्टींवर ४-३ असा विजय मिळविला आणि प्रथमच जागतिक चषकाचे दार उघडले. पुढे जुलै २०२३ मध्ये याच फिलिपाइन्सने यजमान न्यूझीलंडला त्यांच्या घरी १-० असे हरविले. व्हिएतनामनेही इथल्या पात्रता सामन्यांतून जागतिक चषक गाठला. ज्या दाराशी आपल्या मुली उभ्या होत्या, त्या दारातून हे दोन देश आत गेले. त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही; दार खरे होते, एवढेच यावरून कळते.

उपान्त्य सामन्यात चीन जपानविरुद्ध दोनदा मागे पडला आणि दोनदा बरोबरीस आला. दुसऱ्या वेळी तर जादा वेळेचीही २९ मिनिटे संपण्याच्या सुमारास, ११९ व्या मिनिटास. वांग शानशानने तो गोल केला आणि मग गोलरक्षिका झू यू हिने पेनल्टी अडवून सामना जिंकून दिला. ६ फेब्रुवारीस, वसंतपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, नेरूळला अंतिम सामना झाला. मध्यंतरास दक्षिण कोरिया २-० असा पुढे होता. ६८ व्या मिनिटास तांग जिआलीने पेनल्टीवर एक गोल फेडला, ७२ व्या मिनिटास झांग लिन्यानने दुसरा, आणि भरपाईच्या वेळेत शिआओ युयीने तिसरा. चीनने नवव्यांदा चषक जिंकला, पण सोळा वर्षांच्या खंडानंतर. त्यांच्या प्रशिक्षिका श्वेइ चिंगशिया स्वतः एके काळी त्याच संघातून खेळलेल्या होत्या. ज्या बाईने स्वतः चेंडू मारला तिच्या हाती पुढची पिढी देणे, ही गोष्ट आम्हांस त्या तीन गोलांइतकीच महत्त्वाची वाटते.

चषक गेला, संघ गेले, कुंपणे उठली. आपल्या वाट्यास काय आले? त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला त्याच मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक चषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियास १-० असे हरविले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मैदानावर भारताच्या स्त्रियांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा जागतिक चषक जिंकला आणि मध्यरात्री सारा देश रस्त्यावर आला. फुटबॉलच्या मुलीही स्वस्थ बसल्या नव्हत्या. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे त्यांनी यजमान थायलंडला २-१ असे हरविले आणि २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळविला. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले. हा प्रवेश यजमानपदाच्या कृपेचा नव्हता. पात्रता फेरी खेळून तो भारताने प्रथमच मिळविला. २३ जानेवारी २०२२ ला जे हिरावले गेले त्याची परतफेड कोणी केली नाही. त्यांनी ते नव्याने कमावले.

आता शेवटचा शब्द आपल्यासाठी. या नव्या शहराची उभारणी १९७० सालापासून ज्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर झाली, त्यांत पनवेल-उरणची गावे आहेत. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरच्या बाजूस त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी पाच जणांनी प्राण दिले. आज त्या भूमीवर बंदर आहे, सागरी सेतू आहे, विमानतळ आहे, आणि खारघरला सिडकोचे फुटबॉल केंद्रही आहे. मैदाने नाहीत, ही सबब आता उरलेली नाही. प्रश्न उरतो तो इंग्लंडच्या त्या जुन्या ठरावाचाच. मैदान आहे, पण ते कोणास मिळणार? न्हाव्याच्या, गव्हाणच्या, उलव्याच्या, जासईच्या आगरी-कोळी घरांतील मुलगी संध्याकाळी चेंडू घेऊन निघाली, तर तिच्यासाठी फाटक उघडते काय? आणि त्याआधी घराचे दार उघडते काय?

सामना हरून बाद होण्याचा हक्क हा खेळातला पहिला हक्क आहे. आपल्या मुलींस निदान तेवढा तरी मिळावा. मग त्या हरतील, जिंकतील, त्यांची नावे तक्त्यात लागतील. आणि ज्यांची नावे तक्त्यास पुसावी लागली, त्या २० जानेवारी २०२२ च्या दोन्ही संघांतील मुलींची नोंद, खाडीच्या या काठावर राहणाऱ्या आम्हां लोकांनी तरी आपल्या वहीत ठेवावी : नेरूळ, भारत शून्य, इराण शून्य, सामना खेळला गेला.